सदाफुलीचा पाला

बॅनर संघदीपमामानं स्वतः यवतमाळला जाऊन छापून आणला होता. विहाराच्या कंपाउंडला तो बांधताना दोरी खालच्या सदाफुलीला घासली आणि दोन-चार फुलं मातीत पडली. बॅनरवर प्रेरणाचा पदवीच्या झग्यातला फोटो आणि खाली लाल अक्षरं: ‘रक्ताच्या कॅन्सरवर प्रभावी औषध शोधणारी कळंबची लेक’. पेपरातल्या मथळ्यात ‘रामबाण’ होतं. मामानं तेवढा एक शब्द बदलून घेतला होता.

“आपल्या विहारात रामबाण कायले?” तो छापणाऱ्याला म्हणाला होता. “आपलं सायन्स हाय.”

पेपरचा बातमीदार ऋतिक कॉलेजात आला होता तेव्हा प्रेरणानं त्याला एकच वाक्य मोजून-मापून सांगितलं होतं : संगणकावरच्या प्राथमिक चाळणीत गुळवेलीतला एक रेणू आशादायक वाटला, पुढे बरंच तपासायचं बाकी आहे. छापून आलं तेव्हा त्यातला संगणक गेला होता, चाळणी गेली होती आणि बाकी काहीच उरलं नव्हतं. ती कात्रण घेऊन आडे सरांकडे गेली. सर विभागप्रमुख, तिचे मार्गदर्शक.

“अगं, पेपरात असंच छापतात,” सर म्हणाले. “खंडन कशाला करतेस? विभागाचं नाव झालं. पीएच.डी.च्या मुलाखतीला हे कात्रण लाव.”

तिनं खंडन केलं नाही. कात्रण मात्र नीट कापून ठेवलं.

काम तसं साधं होतं, आणि तिला ते जिवापाड आवडलं होतं. पेशीतल्या एका प्रथिनात एक खाच असते. आपल्या औषधी झाडांमधले रेणू एकामागून एक त्या खाचेत बसवून बघायचे, तेही संगणकातच. कोणता किती घट्ट बसतो त्याचा आकडा येतो. जितका उणे, तितकी पकड घट्ट. गुळवेलीतल्या एका रेणूचा आकडा उणे दहाच्याही खाली गेला, तेव्हा प्रयोगशाळेत ती एकटीच खुर्चीवरून उडाली होती. पण संगणकातल्या त्या खाचेजवळ रक्त नव्हतं, पोट नव्हतं, यकृत नव्हतं. रेणू तोंडातून निघून तिथवर पोचतो का, पोचला तर बरं करतो की वाईट, हे तिनं विचारलं नव्हतं, कारण संगणकाला ते येत नव्हतं. शिवाय ते प्रथिन मोठ्या माणसांना होणाऱ्या एका वेगळ्याच रक्तकर्करोगातलं होतं. सरांनी ते निवडलं, कारण त्याची रचना फुकट आणि स्वच्छ मिळत होती.

सोनूचा आजार तो नव्हता. सोनू म्हणजे संघदीपमामाची एकुलती एक मुलगी, आठ वर्षांची. प्रेरणा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना तिचं दुखणं निघालं, आणि म्हणून तर प्रेरणानं हा विषय घेतला होता. नागपूरला मोठे उपचार झाले. पोरीचे केस गेले, परत आले. रक्तातल्या वाईट पेशी दिसेनाशा झाल्या. आता रोजच्या गोळ्या आणि महिन्याला नागपूरचं एक इंजेक्शन, एवढंच राहिलं होतं. पण ते बरेच महिने न चुकता घ्यायचं होतं.

भीमजयंतीच्या संध्याकाळी विहारात तिला शाल पांघरून झाल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी माइक तिच्या हातात दिला. “बोल बाई, आता तूच सांग.”

वाक्य तिनं तयार करून आणलं होतं. ‘हे अजून औषध नाही.’ चारच शब्द. समोर सतरंजीवर अख्खी वस्ती बसली होती. ‘शिक पोरी’ म्हणत जिनं तिला लहानपणापासून पुढं ढकललं, ती वस्ती. पुढच्याच रांगेत पांढऱ्या फ्रॉकातली सोनू टाळ्या वाजवायला हात उचलूनच बसली होती.

“शिका म्हटलं होतं, म्हणून शिकले,” प्रेरणा म्हणाली. “सगळ्यांचे आभार. जयभीम.”

मागून मामानं जोरात शिटी वाजवली.

*

मामाचं मोटार वाइंडिंगचं दुकान कळंबच्या त्यांच्या घराच्या पुढच्याच खोलीत होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो उघडायचा, काळी पडलेली तार उपसून काढायचा आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायचा. मोजायला बसला की दारात कुणीही आलं तरी तो मान वर करत नसे. अख्ख्या तालुक्यात त्याचा वेढा चुकत नाही, अशी त्याची ख्याती होती.

उन्हाळा संपत आला होता. आईनं दिलेली लोणच्याची बरणी घेऊन प्रेरणा त्याच्याकडे गेली, तर मामा तांब्याची तार तोलायच्या काट्यावर हिरव्या काड्या तोलत बसला होता.

“मामा, हे काय करून राह्यले?”

“गुळवेल. निंबावर चढलेली हाय, बरं. साधी नाई.”

“कोणासाठी?”

“कोणासाठी म्हंजे? आपल्या सोनूसाठी. जयंतीपासून देऊन राह्यलो. तू तं बाई नुसता शोध लावून मोकळी झाली, प्रमाण कुठं देल्लं? थे मलेच बसवा लागलं.”

प्रेरणानं बरणी खाली ठेवली. “गोळ्यांसोबत देता?”

आतून नलूमामी बाहेर आली. पदराला हात पुसत हसतच म्हणाली, “गोळ्या कवाच्याच बंद केल्या. थ्या खाल्ल्या का पोट्टी ओकाऱ्या काढे. आता पाय कशी गुटगुटीत झाली.”

“आणि नागपूर? इंजेक्शन?”

“दवाखान्यातून फोन आलता,” मामा म्हणाला. “मी उचललाच नाई.”

प्रेरणा समोरच्या उघड्या मोटारीवरच टेकली. सोनू गुटगुटीत दिसत होती, कारण आधीच्या औषधांनी आजार दबून बसला होता. गोळ्या त्याला तसाच दाबून ठेवायला होत्या. हे तिला जितकं स्वच्छ दिसत होतं, तितकंच हेही दिसत होतं की मामाला समोर फक्त एक हसरी मुलगी दिसते आहे.

“मामा, ते नुसतं कॉम्प्युटरवर होतं. माणसाला दिलेलं नाही. उंदरालाही दिलेलं नाही.”

“मंग? चंद्रावर यान पाठवते, थेही आधी कॉम्प्युटरवरच करत असन नं.”

“तसं नाही मामा...”

“मंग कसं? आइक. पोट्टी पयल्यांदा बिमार पडली, तं नलूच्या बापानं अंगारेवाला आणलता. मी त्याले दारातूनच वापस हाकलला. म्हनलं, आमच्या घरी हे चालत नाई, आमी सायन्स मानतो. सासरा सहा महिने माह्यासंग बोलला नाई. बोलला का नाई, नलू?”

“नाई बोलला,” मामीनं साक्ष दिली.

“अन् आता आपल्याच घरच्या पोरीनं सायन्स केलं, पेपरात आलं, तं मी कायले दुसऱ्याच्या दारात उभा राहू?”

अंधश्रद्धा असती तर तिला तोंड देता आलं असतं. अंधश्रद्धेविरुद्धची भाषणं तिनं शाळेपासून केली होती. पण मामा छापलेलं वाचत होता, शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवत होता, वजन करून देत होता. सगळं जसं करायला हवं तसंच तो करत होता.

तेवढ्यात सोनू बाहेरून पळत आली, काट्यावरच्या काड्या बघून तोंड वाकडं केलं आणि प्रेरणाच्या गळ्यात पडली. “ताई, तुयं औषध लय कडू हाय. पुढच्या टायमाले गोड शोधजो.”

मग प्रेरणाला वाटलं, आपण नीट समजावून सांगायला हवं. वर्गात सांगतात तसं, पायरी-पायरीनं.

“मामा, नागपूरचं इंजेक्शन कशापासून करतात माहीत आहे? तेही झाडाचंच. आपल्या विहाराच्या गेटाजवळ आहे ना, ती सदाफुली. तिच्या पाल्यातून.”

मामाचा हात काट्यावरच थांबला. “सदाफुली? खरं म्हनते?”

“शंभर टक्के खरं. पुस्तकात आहे. माझ्या गुळवेलीचं काहीच सिद्ध झालेलं नाही. सदाफुलीचं सगळं सिद्ध झालेलं आहे. किती वर्षं, किती लोकांवर तपासलंय. ढीगभर पाल्यातून चिमूटभर निघतं, मग ते शुद्ध करतात, मापानं शिरेतून देतात.”

बोलता बोलता ती घरची भाषा सोडून पुस्तकी मराठीवर गेली होती. मामा एकाग्र होऊन ऐकत होता, वेढे मोजताना असायचा तसा. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं काट्यावरच्या काड्या उचलून बाहेर फेकून दिल्या.

“बरं बाई. गुळवेल बंद.”

“आणि सोमवारी नागपूर?”

“हाव नं, पायतो.”

घरी जाताना ती खुश होती. इतकं चांगलं आपण कधी कुणाला समजावलं नसेल, असं तिला वाटलं.

*

पुढं ती पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पुण्याला गेली. मैत्रिणीच्या खोलीवर राहून परीक्षा दिली, मुलाखतीची वाट पाहिली. मुलाखतीत तिनं कात्रण लावलं नाही, पण समोरच्या बाईंनी ‘तुमच्याबद्दल पेपरात आलं होतं ना?’ विचारलं तेव्हा ती ‘हो’ म्हणाली. मामाला मधून मधून फोन करायची.

“औषध चालू आहे ना, मामा?”

“चालू हाय नं. एक दिवस नाई चुकू देल्ला. तू तुया अभ्यास पाय.”

मामाचा आवाज ठाम होता. वेढा न चुकणारा माणूस. तिनं अधिक विचारलं नाही.

परत आली ती श्रावणाच्या सुरुवातीला. कळंबच्या स्टँडवर उतरली आणि पिशवी खांद्याला लावून वस्तीकडे निघाली. विहाराच्या गेटाजवळ येऊन ती थबकली. कंपाउंडच्या कडेची सगळी सदाफुली ओरबाडलेली होती. नुसते दांडे उभे, आणि शेंड्यांना कुठं कुठं एखादं गुलाबी फूल. बकरीनं खाल्ली असं कुणीही म्हणालं असतं. पण बकरी सदाफुलीला तोंड लावत नाही, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पिशवी तिथंच टाकून ती पळत सुटली.

सोनू आतल्या खोलीत पडून होती. पायांवर निळे-काळे डाग, ओठ पांढरे, अंगात ताप. तिला उठून उभं राहता येत नव्हतं. मामी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

“चार दिवस झाले, पोटात अन्न ठरत नाई,” मामी म्हणाली.

“मामा, तुम्ही नागपूरला गेलाच नाहीत?”

“तूच म्हनलं नं, शंभर टक्के सिद्ध हाय.” मामा भांबावला होता. “कंपनीची मोटार जळते, तं मी हितंच वाइंडिंग करून देतो. तीच तार, तेवढेच वेढे. कंपनीत वापस पाठवा लागते का? पाला दारात हाय, तं म्हनलं... तोलून देल्ला, बाई. रोज तोलून देल्ला.”

ती सांगायला विसरली नव्हती. ढीगभर, चिमूटभर, शुद्ध करणं, शिरेतून देणं, सगळं तिनं सांगितलं होतं. फक्त ‘तो पाला विष आहे’ एवढं तिनं म्हटलं नव्हतं, कारण घरच्या माणसाला हे सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नाही.

आधी यवतमाळचा दवाखाना, तिथून ॲम्ब्युलन्सनं नागपूर. पाल्यानं पोरीचं पोट आणि रक्त दोन्ही खराब केलं होतं, पण ते उतरलं असतं. गोळ्या बंद असताना आजार मात्र परत आला होता, आणि आता रक्तात जिकडं तिकडं त्याच पेशी होत्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि आवाज न चढवता विचारलं, “गोळ्या बंद करून पाला द्यायला कोणी सांगितलं?”

प्रेरणा मामाच्या मागंच उभी होती.

“मीच देल्ला, मॅडम,” मामा म्हणाला. “माह्या मनानं. आमाले काय समजते?” त्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

प्रेरणानं टेबलावरच्या रिपोर्टातले आकडे वाचायला घेतले.

उपचार पहिल्यापासून सुरू झाले, आधीपेक्षा जबर. इतक्या लवकर परतलेला आजार निर्ढावलेला असतो, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. शिवारात कापूस फुटायला लागला तेव्हा सोनू गेली.

*

संघदीपमामा प्रेरणाला एका शब्दानं बोलला नाही. कुणी तिचं नाव काढलं तर उलट तोच भांडायचा. “पोरीचं संशोधन खरंच हाय. प्रमाण माह्या हातून चुकलं.” दुकानाच्या भिंतीवर लॅमिनेट केलेलं कात्रण होतं, ते तसंच होतं. त्याच्या शेजारी सोनूचा फोटो लागला.

आडे सरांचा फोन आला, शोधनिबंध स्वीकारला गेला. पुण्याचा प्रवेशही झाला. जायच्या आदल्या दिवशी प्रेरणा मामाचा निरोप घ्यायला गेली. तो मोटार पुढ्यात घेऊन तार भरत होता, ओठ हलत होते. मान वर न करता त्यानं खुणेनंच बसायला सांगितलं. मामी सरपण आणायला गेली होती.

बाजूला ठेवलेला फोन वाजला. मामाचे हात वार्निशनं भरलेले. त्यानं कोपरानं दाबून स्पीकर चालू केला.

“नमस्कार. ढाणकीवरून बोलून राह्यलो, मी गोविंदा. ब्लड कॅन्सरवाल्या मॅडमचे मामा तुमीच नं?”

“हाव, बोला.”

“मोबाइलवर पेपरचं कात्रण आलं, त्याच्याखाली तुमचा नंबर हाय. माह्या पोराले थेच हाय, जी. दवाखाना चालू हाय, पण पोरगं लय खंगलं.”

कात्रण जयंतीच्या दिवशी मामानंच व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांवर पाठवलं होतं, खाली ‘मुलीचा मामा’ म्हणून आपला नंबर टाकून. ते अजून फिरत होतं.

“हे पाहा भाऊ,” मामा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “गुळवेल नका देऊ. सदाफुली द्या. पण पाला थोडा टाकजा, अगदी चिमूटभर. आमचं प्रमाण चुकलं होतं. आमच्या पोरीले जास्त झालं. तुमच्या पोराचं तसं नको व्हाले.”

“मामा!”

“बोलू दे, बाई.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे ओले, पण चेहरा शांत. “चार-पाच जणाईले सांगतलं आतापर्यंत. आपलं तं गेलं. त्याईचं तरी वाचाव.”

आता तिला कळलं, मामा कशाच्या आधारावर उभा आहे. प्रमाण चुकलं, म्हणजे औषध होतं. औषध होतं, म्हणजे गोळ्या बंद करण्यात चूक नव्हती. हात जरा जड पडला, एवढंच. ही एक आधाराची थुणी काढली तर मामाचं अख्खं छप्पर खाली येणार होतं. आणि ती तशीच राहू दिली तर ढाणकीचं पोर जाणार होतं.

तिनं फोन उचलला.

“दादा, मी प्रेरणा. त्या कात्रणातली मीच.”

“अरे वा, मॅडम! तुमीच सांगा नं मंग.”

“मी औषध शोधलेलं नाही. पेपरातलं खोटं आहे. गुळवेल नाही, सदाफुली नाही, काहीच देऊ नका. पोराच्या गोळ्या बंद केल्या का?”

“उद्यापासून करणार होतो.”

“करू नका. कितीही उलट्या झाल्या तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. आमच्या सोनूचं प्रमाण चुकलं नव्हतं. तिच्या गोळ्या बंद केल्या, म्हणून ती गेली.”

मग गोविंदा म्हणाला, “मंग पेपरात कायले छापून आणलं, मॅडम?” आणि त्यानं फोन ठेवून दिला. त्यानं ऐकलं की नाही, ते तिला कळायला मार्ग नव्हता.

मामाच्या हातातल्या तारेचा वेढा अर्ध्यावर तसाच होता. तो त्या तारेकडे बघत राहिला. मग त्यानं भरलेली तार हळूहळू उलगडून काढायला घेतली. मोजणी तुटली होती.

“गोळ्यानं वाचली असती?”

‘सांगता येत नाही’ असं म्हणता आलं असतं, आणि ते फार खोटंही ठरलं नसतं. पण तिच्याकडे आकडे होते. या आजारातली, वेळेवर गोळ्या घेणारी मुलं किती वाचतात, हे तिनं वाचलं होतं.

“बहुतेक वाचली असती, मामा.”

मामानं सगळी तार उलगडून जमिनीवर ठेवली. वार्निशचे हात फडक्याला पुसले, एकेक बोट करून. भिंतीकडे त्यानं पाहिलं नाही.

“जयंतीले माइक तुयाच हाती होता,” तो म्हणाला. “थोच तं देल्ला होता आमी तुले.”

फोन पुन्हा वाजला. नंबर कुणाचा तरी अनोळखी. मामानं हात पुढं केला नाही. कोपरानं फोन तिच्याकडे सरकवला आणि तोंड फिरवलं.

“घे. आता तूच सांगत बस.”